आईची दिल्लीतली साक्ष

नांदगाव खंडेश्वरजवळ आमचं शेत आहे. आई आजही तिथं स्वतः उभी राहून पेरणी करून घेते. एका वर्षी विकत आणलेलं बियाणं पेरलं आणि तिचं सोयाबीन उगवलंच नाही. तिनं लगेच कृषी खात्याकडे तक्रार केली, पण तपासणीला माणसं आली तोवर दुबार पेरणी होऊन रान हिरवं झालं होतं. पाहायला काही उरलंच नव्हतं.

पुढे बियाण्यांच्या कायद्याचं एक विधेयक संसदेत मांडलं गेलं आणि तिथून खासदारांच्या समितीकडे गेलं. समितीनं लोकांच्या सूचना मागवल्याची जाहिरात मी अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या घरी पेपरात वाचली. आईला फोन केला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले आणि तिच्या नावानं समितीला पाठवलं. मुद्दा एकच होता, तक्रार केल्यावर आठ दिवसांत शेतावर माणूस आला पाहिजे.

काही महिन्यांनी दिल्लीहून पत्र आलं. समितीनं आईला साक्षीला बोलावलं होतं. मला वाटलं, ती नको म्हणेल. तिनं फक्त तिकडे थंडी किती असते ते विचारलं.

दिल्लीला मी तिच्याबरोबर गेले, पण बैठकीच्या खोलीत मला जाऊ दिलं नाही. पाऊण तासानं आई बाहेर आली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "आता नाई सांगता येत, तसा नियमच हाय मने. अहवाल सभागृहात ठेवल्यावर सांगीन."

गावातल्या बाया विचारून थकल्या. धाकटी मावशी तर रुसलीच. दिवसभर बोलणारी माझी आई या एका गोष्टीवर महिनोन् महिने गप्प राहिली.

अहवाल आला तेव्हा मी नांदगावलाच होते. मोबाइलवर शोधत शोधत त्या परिच्छेदाशी पोचले. आईचं नाव नव्हतं, पण एका महिला शेतकऱ्यानं मांडलेला मुद्दा म्हणून तपासणीला मुदत घालण्याची शिफारस केलेली होती. मी मराठीत करून वाचून दाखवलं. मग ती बोलली.

टीव्हीवर एकमेकांवर तुटून पडणारे दोन खासदार तिथं शेजारी बसले होते, आणि एकाचा प्रश्न दुसरा पुढे नेत होता. एकानं विचारलं, पेरण्याआधी तुम्ही स्वतः का तपासलं नाही? आईनं त्यांना सांगितलं होतं, "घरचं बियाणं असतं तं शंभर दाने गोणपाटात भिजवून पायले असते. पिशवीवर प्रमाणित लिवलं होतं, मनून इश्वास ठेवला." दुभाष्यानं ते हिंदीत सांगितल्यावर त्या खासदारांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

अशी शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे मी तिला सांगितलं. सांगताना माझाच आवाज खाली गेला.

"नसू दे," आई म्हणाली. "मले बलावलं, आयकलं, लिवून घेतलं. आता त्याइले इसरता येत नाई."

दुसऱ्या दिवशी तो परिच्छेद छापून घ्यायला ती माझ्याबरोबर अमरावतीला आली. पाच प्रती काढल्या. पहिली मावशीला दिली.