काशीरामचं खुराडं

काशीराम मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेजारधर्म म्हणून गोड लिहिलं असं कोणीतरी म्हणायचं. मांडवीला आमच्या गल्लीत त्याचं घर पुढे आणि माझं मागे. तो बोटीवर होता, म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये, तेलपाण्याच्या कामावर. एकतीस वर्षं ते करून अकरा वर्षांपूर्वी कायमचा घरी आला, जुनं कौलारू घर पाडलं आणि त्या जागी दुमजली स्लॅब ठोकला. माझ्या पडवीत संध्याकाळी जो खारा वारा यायचा, तो तेव्हापासून त्याच्या भिंतीवर आपटून परत जातो. मी नगरपरिषदेत अर्ज दिला. महिन्याभराने दुसरा दिला. त्याचा नकाशा मंजूर होता, त्यामुळे पुढे काही झालं नाही, पण आमचं बोलणं बंद झालं ते झालंच.

बोलणं बंद झाल्याचं त्याला कळलं तरी की नाही कोण जाणे. इंजिनांनी त्याचे कान खाल्ले होते. कानाचं यंत्र होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात पडलेलं असायचं. समोर उभं राहून ओरडलं तर चारातले दोन शब्द पोचायचे. त्यामुळे स्वतःही बोलायचा ते ओरडून. सकाळी बायकोला चहा ठेवू काय विचारायचा, ते गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. मी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. साक्षीदाराला शपथ द्यायची, कागद पुढे करायचा आणि गप्प बसायचं, यात माझा जन्म गेला. असा भोंगा शेजारी आल्यावर डोक्यात तिडीक जाणारच.

एक मात्र खरं, माणूस हाताचा होता. गल्लीतला कुणाचाही पंप बिघडला की काशीराम जाऊन त्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि बेअरिंग गेलंय की कॉइल ते सांगायचा. सहसा बरोबर सांगायचा. माझा पंप बिघडला तेव्हा मी तो रिक्षात घालून बाजारात नेला आणि आठ दिवस विहिरीचं पाणी हाताने ओढलं.

त्याची बायको सगुणा. तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिची छाती कामातून गेली आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. ते विजेवर चालतं आणि त्याची नळी दिवसरात्र तिच्या नाकाला. आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. इन्व्हर्टर दोन तासांत मान टाकायचा. म्हणून काशीरामने गणपतीपुळ्याच्या कुठल्याशा लॉजवाल्याने विकायला काढलेला जुना डिझेलचा जनरेटर उचलून आणला. ठेवला कुठे, तर परसात, माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून चार पावलांवर.

दुपारी जेवून मी आडवा झालो की ते धूड सुरू व्हायचं. खिडकीच्या काचा थरथरायच्या. मी पोलीस चौकीत अर्ज दिला. हवालदार आला, आत जाऊन सगुणेला नळीसकट बघून आला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही चोरलंय. "आपसात मिटवा," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी काशीराम माझ्या अंगणात. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊसाहेब, आवाज बंद करतो. त्येच्यासाठी खोली बांदतो. पन मला आयकू येत नाय. तुमी सांगायचा, येतो काय नाय."

मी मान हलवली.

खोली कसली, खुराडंच ते. एप्रिलच्या उन्हात त्रेसष्टाव्या वर्षी त्याने ते एकट्याने बांधलं. चारही बाजूंनी चिरे, आतून प्लायवूड आणि दोन्हींच्या मधल्या फटीत नारळाच्या सोडणांचा काथ्या कुटून कुटून भरलेला. जनरेटरच्या खाली वाळूचा थर, त्यावर ट्रकच्या टायरचे कापलेले जाड तुकडे. वाळू समुद्रावरची काळी, म्हणजे परवानगीशिवाय आणलेली होती, ते मी लगेच हेरलं आणि अर्जाचा मसुदाही मनात तयार केला. धूर जायला नळकांडं वर काढलं होतं. शिवाय दोन जाळ्या ठेवल्या होत्या, खालची गार हवा आत यायला आणि वरची गरम हवा बाहेर जायला. वरची जाळी माझ्या बाजूला होती, कारण पलीकडे सगुणेची खिडकी.

नुसत्या भिंती झाल्या तेव्हा त्याने जनरेटर सुरू केला आणि माझ्याकडे आला. "येतो काय?"

"येतो," मी म्हणालो. आणि तो येत होता.

मग काथ्या भरून झाला, रबर बसलं, घट्ट बसणारा दरवाजा लागला. पुन्हा सुरू केला. मी खिडकीपाशी उभा राहिलो. पंखा दोनवर ठेवावा तेवढीच घरघर. काचा गप्प. खिडकी लावली तर काहीच नाही. काशीराम अंगणात घाम पुसत उभा, माझ्या तोंडाकडे बघत.

"येतो," मी म्हणालो.

का म्हणालो? उगाच गोलगोल बोलत नाही. मला मजा आली. ज्या माणसाच्या स्लॅबपुढे माझे दोन अर्ज पालापाचोळ्यासारखे उडून गेले, तो माझ्या एका शब्दासाठी उन्हात उभा होता. त्याच्याकडे पैसा होता, हात होते, नकाशा मंजूर होता. फक्त कान नव्हते आणि कान माझ्याकडे होते.

तो परत गेला, एक बाजू उकलली आणि पुन्हा काथ्या ठासला. चार दिवसांनी आला. "येतो." मग दाराला जुन्या गादीचं अस्तर लावलं. "येतो." एकदा त्यांच्या खिडकीतून सगुणेचा आवाज ऐकू आला, दम लागत लागत, तुटक: "खोटा बोलतो तो." काशीरामला पोचलं नाही, तिने पुन्हा सांगितलं. त्यावर हा गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "कोर्टातला मानूस गो तो. लोकांना शपता देत होता. तो कशाला खोटा बोलेल?"

हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला सगुणेचा राग आला. बसल्या जागेवरून ही बाई मला खोटारडा ठरवते म्हणजे काय.

मेच्या शेवटी त्याने मला खुराड्यापाशीच नेलं. थकलेला दिसत होता. "पयलां पाय जमिनीला टेकले की मला कळायचा, चालू हाय की बंद. घरात बसून कळायचा. आता रबर घातल्यापासून कायच कळत नाय. म्हनून हिच्या खाटेजवळ जनरेटरवरचा बल्ब लावलाय, त्येच्याकडं बगत बसतो. तुमी एकदा नीट सांगा, कुठनं येतो?"

मी वरच्या जाळीकडे बोट दाखवलं.

"ती कशी बंद कराची? गरम हवा जायाची कुठनं? इंजिन गुदमरेल."

"ते तुमचं तुम्ही बघा," मी त्याच्या कानाशी ओरडलो. "नाहीतर मी वाळूचाही अर्ज देतो."

एकतीस वर्षं इंजिनांत काढलेल्या माणसाने, सगळं कळत असताना, माझ्या सांगण्यावरून त्या जाळीवर फळी मारली. चार बोटांची फट ठेवली, बस. मग येऊन विचारलं. यापुढे त्याला करायला लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. "आता ठीक आहे," मी म्हणालो, निकाल वाचावा तसा.

आषाढात वरच्या वाडीत आंब्याचं झाड तारांवर पडलं आणि आदल्या सकाळपासून वीज गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून पडलो होतो. बाहेर पाऊस रपरपत होता. डोळा लागतो न लागतो तोच टीं टीं सुरू झालं. मी ते ओळखत होतो. वीज गेली की सगुणेचं मशीन असं ओरडायचं आणि काशीरामने जनरेटर चालू केला की गप्प व्हायचं. मी उशी कानावर घेतली. आता ह्याची नवी कटकट, असं मनात आलं.

ते थांबेना. उशीतूनही येत राहिलं. मग मला उमगलं की जनरेटर बंद पडलाय आणि काशीरामला हे टीं टीं ऐकू येत नाही.

तरी मी उठलो नाही. बघेल त्याचं तो, म्हटलं. किती वेळ तसाच पडलो होतो ते सांगता येणार नाही. समोर घड्याळ होतं, पण मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

मग उठलो. दोन घरांमधला दगडी गडगा ओलांडून त्याच्या घरात शिरलो, दार नुसतं ओढलेलं होतं. काशीराम खुर्चीत मान टाकून झोपला होता. आदल्या दिवसापासून त्याने डोळ्याला डोळा लावला नसणार. समोरचा बल्ब विझलेला. सगुणा खाटेवर अर्धी उठून बसली होती, ओठ जांभळे पडले होते आणि हात काशीरामच्या दिशेने पुढे केलेला होता. स्टीलचा पेला खुर्चीपासून हातभर अंतरावर पडला होता. तिने तो त्याला उठवायला फेकला होता आणि नेम चुकला होता.

मी काशीरामला गदागदा हलवलं. तो जागा झाला, तिच्याकडे बघितलं आणि कोपऱ्यात अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर ओढून अर्ध्या मिनिटात नळी जोडली. तिचा श्वास जरा ताळ्यावर आल्यावर पावसात धावत परसात गेला. खुराड्याच्या दारावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. इंजिन जाम झालं होतं. फोनवरचं त्याला ऐकू येत नाही म्हणून रुग्णवाहिका मी बोलावली. तिला दवाखान्यात नेलं. पाच दिवसांनी घरी आणली.

सहाव्या दिवशी काशीराम माझ्या पडवीत आला. टेबलावर नारळ ठेवला.

"तुमी नसतात तर गेली होती ती," तो म्हणाला. "आनि मी येडा. मनात शंका घेतली होती तुमच्याबद्दल. सगुणा कानाशी लागलेली. पन तो टींटीं तुमच्या घरात पोचला, म्हंजे आवाज जातोच तिथं. तुमी खरा तेच सांगत होतात."

मी नारळ जरा बाजूला सरकवला.

"इंजिन खोलून बसवला. गरम होऊन जाम झाला होता. ध्यान माझा नव्हता. आता तासाला बंद करीन, तोवर सिलिंडर लावीन. पन फळी काढनार नाय. तुमचे उपकार हायत, तुमाला तरास नाय दिवाचा."

मी घाबरलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. आज ना उद्या तो पुन्हा खुर्चीत झोपणार होता, आणि त्या वेळी मी घरी असेनच असं नव्हतं.

"आवाज येत नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"आवाज येत नव्हता."

"व्हय, येतो. तेच सांगतो ना मी."

मी पुन्हा सांगितलं. त्याने कानामागे हात धरला आणि पुढे वाकला. बाहेर गल्लीत सुकी मासळी विकणारी सोनूबाई पाटी उतरवून समोरच्या घराशी भाव करत होती. हळू आवाजात हे सांगायची काही सोय नव्हती. जन्मभर ज्याने कोर्टात आवाज चढवला नाही, त्या मी छातीतली होती नव्हती ती हवा लावून ओरडलो, "मी खोटं बोललो, काशीराम. एप्रिलपासून आवाज येत नव्हता. फळी मारायची काही गरज नव्हती. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

सोनूबाईचा भाव थांबला. समोरची खिडकी उघडली.

काशीरामने कानामागचा हात खाली घेतला. बराच वेळ तो माझ्या ओठांकडेच बघत होता, अजून काही येणार आहे असं वाटून.

"काथ्या भरला तेवां?" त्याने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"तेव्हापासून."

"सगुणा म्हनत होती," तो म्हणाला. टेबलावरचा नारळ उचलला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फळी उखडली. खिळे निघताना मी पडवीच्या पायरीवर बसून बघत होतो. मग त्याने जनरेटर सुरू केला. इतक्यात फाटक वाजलं आणि सोनूबाई डोक्यावर पाटी घेऊन थेट माझ्या अंगणात आली. मला वाटलं, मासळी द्यायला आली असेल. ती माझ्याकडे न बघता खिडकीखाली जाऊन उभी राहिली, मान जरा कलती केली आणि ऐकलं. मग गडग्यापलीकडे उभ्या असलेल्या काशीरामला हात हलवून तिने नाही म्हणून सांगितलं.

त्याने मान डोलावली आणि आत गेला. माझ्यापासून चार पावलांवर हे सगळं झालं आणि मला कोणी काही विचारलं नाही.