चेटकिणीच्या लुगड्याचा रंग

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात दोन पक्ष पडले होते. एक राजकन्येचा आणि एक चेटकिणीचा. निवडणुका त्याच्या आधीही झाल्या, नंतरही झाल्या, पण लोकांना इतकं मनापासून भांडताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

भांडणाचं कारण होतं रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारी एक हिंदी मालिका. जादूटोण्याची. त्यात एक राजकन्या होती, बुरुजात कोंडलेली. एक राजपुत्र होता, तिला सोडवायला निघालेला आणि दर रविवारी वाटेत कुठे ना कुठे अडकणारा. आणि एक चेटकीण होती. ती गुहेत एकटी राहायची. डोक्यावर तीन टोकांचा मुकुट, खांद्यावर कावळा, अंगावर जमिनीवर लोळणारं लांबलचक लुगडं. ती हसली की आमच्या दिवाणखान्यातली लहान पोरं आपापल्या आयांच्या पदरात घुसायची.

टीव्ही आमच्या आत्याचा होता. बाबांचा नाही, आत्याचा, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते लागणार आहे. आत्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची आणि स्वतःच्या पगारातून तिने तो घेतला होता. काळा-पांढरा, लाकडी दारांचा. रविवारी सकाळी ती अंघोळ करून, पूजेला बसावं तशी त्याची दारं उघडायची. तोवर अर्धा मोहल्ला येऊन बसलेला असायचा. खुर्च्या पुरायच्या नाहीत म्हणून बाबा कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांची रिकामी खोकी आणायचे. माझा मोठा भाऊ गच्चीवर अँटेना धरून उभा. "दिसते काय?" तो वरून ओरडायचा. "मुंग्या येऊन राहिल्या!" आम्ही खालून ओरडायचो. बिचाऱ्याने अर्धी मालिका आमच्या तोंडूनच पाहिली.

राजकन्येच्या पक्षाच्या पुढारी म्हणजे समोरच्या घरातल्या काकू. राजकन्या रडायला लागली की काकूही रडायच्या, आणि तिचं रडणं थांबलं तरी ह्यांचं चालूच. "किती सोशिक हाय वं पोरगी!" त्या म्हणायच्या. "एवढं कोंडून ठेवलं, पन तोंडातून एक वाकडा शब्द नाही."

"शब्द नाही म्हनूनच तर कोंडलेली हाय," आत्या म्हणायची. "दाराले साधी कडी हाय, काकू. मी दर रविवारी पाहून राहिली. आतून लावलेली कडी! काढ अन् ये ना बाहेर. पन नाही, बाईसाहेबाले राजपुत्र पाहिजे कडी काढाले."

कडीची गोष्ट खरी होती, मीही पाहिली होती. पुढच्या रविवारी सगळ्यांनी डोळे फाडून ती कडी शोधली आणि काकूंचा चेहरा पडला. मग त्या चेटकिणीवर घसरल्या. तिला ना नवरा, ना पोर, ना कुंकू. कावळ्यासंगं बोलते. असल्या बाईचं कोणी चांगलं पाहिलं आहे काय? आत्या शांतपणे म्हणायची, "सोताचं रांधते, सोताच्या गुहेत राहते, कोनाले काही मांगत नाही. आनखी काय पाहिजे?" मी अर्थातच आत्याच्या पक्षात. मला ती चेटकीण इतकी आवडायची की आरशासमोर तिच्यासारखं हसून हसून माझा घसा बसला होता, आणि आईने मला हळदीचं दूध पाजलं होतं.

सगळ्यात मोठा वाद तिच्या लुगड्याच्या रंगाचा. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर ते काळंकुट्ट दिसायचं. काकू म्हणायच्या, चेटकीणच ती, काळंच नेसणार. आत्या म्हणायची, जांभळं. "गडद रंग टीव्हीवर काळाच दिसते. मी शिवनाची मास्तरीन होय, मले कपडा समजते." मोहल्ल्यात कोणाकडेच रंगीत टीव्ही नव्हता, त्यामुळे हा वाद मिटायचा काही मार्ग नव्हता. आणि खरं सांगू? तो मिटावा असं कोणाला वाटतही नव्हतं.

आता आत्याचं सांगते. तिचं लग्न खाप्याला झालं होतं, हातमागवाल्यांच्या घरी. ती गेली आणि त्याच वर्षी त्यांची म्हैस मेली, सासऱ्यांचा पाय मोडला. सासूने सगळं हिच्या कपाळी मारलं. पांढऱ्या पायाची म्हणाली, मग चेटकीण म्हणाली, आणि एक दिवस पेटीसकट एसटीत बसवून दिलं. नवऱ्याने तोंडातून ब्र काढला नाही. त्यानंतर आत्या आमच्याकडेच होती. ती ह्याबद्दल कधी बोलायची नाही. पण तिच्या पेटीत तळाशी डांबराच्या गोळ्यांत जपलेली एक चंद्रकळा होती. पहिल्या संक्रांतीला सासरहून मिळालेलं काळं लुगडं, लाल काठाचं. दर वर्षी ती ते उन्हात घालायची आणि परत घडी करून ठेवायची. आई म्हणायची, तिची आस अजून सुटली नाही.

आणि त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर खाप्याहून निरोप आला. झालं गेलं विसरून जा, पोळा झाला की आत्याला न्यायला येतो. सासू आता थकली होती, घरात करणारं कोणी नव्हतं. बाबांचा चेहरा खुलला. बहीण आपल्या घरी नांदावी असं त्यांना फार वाटायचं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. आत्या हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला मात्र रडू कोसळलं. मी तिला विचारलं, "तू चालली काय वं आत्या?" ती म्हणाली, "पाहू." एवढंच. मग मी टीव्हीचंही विचारलं, तो राहील की जाईल. तेव्हा ती हसली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, आमच्या नागपुरात मारबत निघते. शहरातल्या मोठ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक तर असतेच, पण गल्लीगल्लीतली पोट्टीही बांबू, कागद, जुनी कापडं जमवून आपली मारबत नाहीतर बडग्या, म्हणजे बाईचा नाहीतर बाप्याचा पुतळा, करतात. त्या वर्षी मोहल्ल्याला ज्याचा ताप झाला असेल त्याचा पुतळा. एका वर्षी महागाई, एका वर्षी मच्छर, एका वर्षी कोरडा नळ. गल्लीतून फिरवायचा, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" म्हणून बोंबलायचं आणि मोकळ्या पटांगणात नेऊन जाळायचा.

त्या वर्षी माझ्या भावाने आणि त्याच्या टोळीने ठरवलं, मारबत चेटकिणीची. त्याच्या आदल्याच रविवारी तिने राजपुत्राचा दगड केला होता आणि काकू संतापाने नुसत्या पेटल्या होत्या. खळ त्यांनी दिली, रद्दी त्यांनी दिली. खोक्यांच्या पट्ट्यांचा सांगाडा झाला. तोंड मी रंगवलं. विरोधी पक्षात असूनही रंगवलं, कारण त्या गाढवांना नाक काढता येत नव्हतं आणि माझ्या चेटकिणीला वाकडंतिकडं नाक मला खपलं नसतं. पुठ्ठ्याचा मुकुट केला, त्याला चांदी लावली. असा चेहरा झाला म्हणता! काकूसुद्धा क्षणभर बघत राहिल्या.

आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "माह्या चेटकिनीले जाळसान, तर येत्या रविवारी टीव्ही बंद." सगळे हादरले. पाडवा त्या वर्षी शनिवारी आला होता, आणि रविवारी राजपुत्राचा दगड फुटतो की नाही ते दिसणार होतं. पण पुतळा तयार झाला होता, ढोल आला होता. आता कोण ऐकतो!

सकाळी मारबत निघाली. आत्या घरातच होती. पटांगणात पोचेपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग आई जवळ आली, पुतळ्याच्या लाल काठाकडे तिने पाहिलं, आणि "अय माय!" म्हणून छातीवर हात मारला.

चेटकिणीच्या अंगावर आत्याची चंद्रकळा होती.

भावाने आईला काळं कापड मागितलं होतं. आई पोळीच्या घाईत म्हणाली होती, घे पेटीतलं जुनं. ह्या शहाण्याने पेटी उघडली ती आत्याची. आणि आमच्याकडे असं आहे की मारबतीच्या अंगावर चढलेलं कापड घरात परत आणत नाहीत. जी पीडा बाहेर काढली ती पुन्हा कोण उंबऱ्याआत घेईल? बाबा पांढरेफटक पडले. "उद्या जावई येणार," ते आईला म्हणाले, "आणि आज हे!" आई म्हणाली, "काढा, गोमूत्र शिंपडू, कोनाले समजते!" भाऊ रडायच्या बेतात. कोणीतरी आत्याला बोलवायला धावलं.

ती आली. ओल्या हातानेच आली, भांडी घासत होती बहुतेक. पुतळ्याकडे तिने खूप वेळ पाहिलं. ढोल थांबला होता. मला वाटलं ती रडेल, आणि ती रडली तर मीही भोकाड पसरणार होते, माझी तयारी झाली होती. तिने एक खोकं ओढलं, त्यावर चढली, आणि पुतळ्याचं तोंड मुकुटासकट अलगद काढून घेतलं.

"इचा काय दोष? इले काहून जाळता?" ती म्हणाली. "अन् पोट्टेहो, ती काळं नेसतच नाही. तिचं लुगडं जांभळं हाय. हे तिचं नाही."

"मंग हे जाळू का नको?" भावाने घाबरत विचारलं.

"जाळ ना गा! त्याच्यासाठीच तर आनलं."

बाबा पुढे झाले. "अगं, विचार कर," म्हणाले. आत्या म्हणाली, "केला, दादा. लय वर्ष केला." आणि तिने स्वतः काडी ओढली.

लुगडं जुनं, भुर्रकन पेटलं. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. तेव्हा आत्याच ओरडली, आणि तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, "सासूचे टोमने घेऊन जा गे मारबत!"

मग मागून कोणीतरी ओरडलं, "नळावरची भांडनं घेऊन जा गे मारबत!" आणि मग काय विचारता! सगळ्या बाया सुटल्या. कोणी नवऱ्याचं घोरणं दिलं, कोणी नणंदेची नजर, कोणी मालकिणीची कटकट. आई, माझी गरीब गाय आई, ओरडली, "पाव्हन्यांचा सैपाक घेऊन जा गे मारबत!" आणि लाजून तोंडाला पदर लावला. ढोल परत सुरू झाला. काकू सगळ्यांच्या पुढे होत्या आणि त्यांची यादी काही संपत नव्हती. मी इतकी नाचले की माझी चप्पल त्या पटांगणात गेली ती परत मिळालीच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आत्याने टीव्ही लावला. चेटकिणीला जाळलं नव्हतं, त्यामुळे तिची अटही मोडली नव्हती. टीव्हीच्या वरच्या खिळ्याला तिने तो चेहरा टांगला होता, मुकुटासकट. मोहल्ला जमला, मालिका सुरू झाली, आणि दारात आतोबा उभे राहिले. पांढरं धोतर, हातात पेढ्यांचा पुडा.

आत्याने पदर सावरला. "या. बसा. मालिका झाल्यावर चहा देते."

त्यांना एक खोकं मिळालं. ते अवघडून बसले. वर त्या चेहऱ्याकडे त्यांची नजर पुन्हापुन्हा जायची. शेवटी त्यांनी शेजारी बसलेल्या काकूंनाच हळूच विचारलं, "हे कोन होय?"

आणि काकू तर राजकन्येच्या पक्षाच्या! काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आमच्या मोहल्ल्याची देवी होय," त्या म्हणाल्या. "पाया पडा."

आणि आतोबांनी खरंच हात जोडले हो! आत्याने ओठ दाबून धरले होते, तिचे खांदे हलत होते. मी तर उठून स्वयंपाकघरात पळाले.

मालिका संपली, चहा झाला. आतोबांनी घसा खाकरला. "मंग? पेटी भरली काय?"

"पेटी कालच रिकामी झाली," आत्या म्हणाली.

त्यांनी बाबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच बाबांकडे पाहिलं. बाबांनी बशी खाली ठेवली, बहिणीकडे एकदा बघितलं, आणि म्हणाले, "खाप्याची गाडी दुपारी असते, पाहुणे. जेवून जा." मला तेव्हा माझ्या बाबांचा इतका अभिमान वाटला की मी त्यांच्या पाठीला जाऊन चिकटले.

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे रंगीत टीव्ही आला, तोही आत्याच्याच पगारातून. आणि एका सुटीत ती जुनी मालिका पुन्हा लागली. सगळा मोहल्ला परत गोळा झाला, पिकलेल्या केसांचा. काकू काठी टेकत आल्या आणि आत्याच्या शेजारी बसल्या. राजकन्येचं लुगडं गुलाबी निघालं. मग गुहा आली, कावळा आला, चेटकीण आली.

लुगडं काळं होतं. चक्क काळं, कोळशासारखं.

इतक्या वर्षांचा वाद काकू जिंकल्या होत्या. आत्या डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती. "नव्या टीव्हीचा रंग बरोबर नाही वाटते," ती म्हणाली.

काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, नीट पाहिलं.

"हो वं," त्या म्हणाल्या. "जांभळंच हाय ते."