सात दिवस स्वयंपाक बंद!

चार मराठी घरं मिळून कुठे फिरायला गेली, की परत येताना बॅगांपेक्षा किश्श्यांचंच ओझं जास्त होतं. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गच्या ग्रुपमध्ये पॉटलक असो नाहीतर डोहाळजेवण, कुणीतरी जमैकाच्या त्या रिसॉर्टचा विषय काढतंच. सगळे पोट धरून हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं!

कारण मी एकाच अटीवर गेले होते. दहा वर्षं ऑफिस करून रोज पोळ्या लाटल्यावर नवऱ्याला, शिरीषला, स्पष्ट सांगितलं होतं, "सात दिवस मी कुणाच्याही पोटाचं बघणार नाही. समुद्रावर नुसती पडून राहणार."

"अगं, ऑल-इन्क्लूसिव्ह आहे! खाणंपिणं सगळं त्यांच्याकडे."

आणि मी बावळट, विश्वास ठेवला.

*

शिरीषचा मित्र मिलिंद. शिकागोत घर घेतलं, तरी एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय गेली नाही. पहिल्याच दिवशी सकाळी सहाला जाऊन पठ्ठ्यानं बीचवरच्या पहिल्या रांगेतल्या बारा खुर्च्यांवर टॉवेल टाकले!

आणि मंडळी कुठे? अकरापर्यंत ब्रेकफास्ट बुफेवर. "इन्क्लूडेड आहे ना!"

उन्हात ताटकळलेले गोरे आजी-आजोबा माझ्याकडे रागानं बघतायत. मी मिलिंदला झापलं, तर म्हणतो कसा, "वहिनी, तुम्ही नुसत्या पडूनच राहणार ना? मग जरा लक्ष ठेवा की!"

*

मिलिंदचे वडील, नाना, नागपूरहून आले होते. रिसॉर्टवाल्यांनी सगळ्यांच्या मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधला. तो दाखवला तरच जेवण.

नानांनी दुसऱ्या दिवशी तो कात्रीनं कापून कचऱ्यात टाकला. "मी काय ॲडमिट झालोय?"

दुपारी वेटर त्यांना आत सोडेना. नाना दारात उभे राहून शुद्ध मराठीत भांडले. नवा पट्टा मिळवायला शिरीषचे दोन तास गेले, आणि तेवढा वेळ नानांना केळी आणून कोण देत होतं? मीच!

*

नाना पक्के शाकाहारी. तिथली राजम्यासारखी उसळ त्यांना भलतीच आवडली. दोन दिवस तीन-तीन वाट्या! तिसऱ्या दिवशी मला शंका आली, म्हणून वेटरला विचारलं.

"नो मीट, मॅडम," तो हसून म्हणाला. "ओन्ली अ लिटल पिग टेल. फॉर फ्लेवर!"

नानांनी चमचा खाली ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर फक्त ब्रेड आणि केळी. वर मिलिंद माझ्यावरच चिडला, "वहिनी, विचारायची काय गरज होती?"

*

पाचव्या दिवशी दोघं मित्र माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. मिलिंदनं घरून लपवून एक विजेची हॉटप्लेट आणली होती म्हणे. कढई, झारा, बेसनही होतं.

"फक्त पिठलं," शिरीष म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. नानांसाठी."

खरं सांगते, मला रडूच आलं. नानांची दया येत होती, पण स्वतःचीही येत होती. मी म्हटलं, "तुम्हाला हात आहेत ना? करा!"

गेले बिचारे खोलीवर. मी डोळे मिटले. शेजारी आमची सात वर्षांची ईशा वाळूत खेळत होती.

पंधरा मिनिटांत अख्ख्या रिसॉर्टचा फायर अलार्म ठणाणा वाजायला लागला. तीनशे माणसं, कुणी अंगाला साबण, कुणी नुसता टॉवेल, धावत बीचवर! सगळ्यांच्या मागून खोकत-शिंकत आमचे दोघे. मिलिंदच्या हातात मिरचीची फोडणी जळून काळी झालेली कढई, शिरीषच्या हातात झारा. त्यांच्यामागे लालबुंद झालेला मॅनेजर.

शिरीषनं झारा माझ्या दिशेनं केला. मॅनेजर तरातरा माझ्याकडे आला. "मॅडम, आर दे विथ यू?"

मी गॉगल सरळ केला. "नो."

ईशा उठून उभी राहिली. "बट मॉम, दॅट्स बाबा!"

"ईशा," मी म्हटलं, "अनोळखी माणसांशी बोलायचं नाही!"