कैची

अकरा बदकं आम्ही सकाळी तलावाच्या काठावर सोडली आणि त्यातलं एकही उडालं नाही. दोन पावलं पळायची, पंख अर्धे उघडायची आणि तोंडावर पडायची. रजिस्टर घेऊन उभे असलेले मास्तर म्हणाले, "थंडीनं आखडली असतील." थंडीचा काही संबंध नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी सरकारी स्टॉकमन, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस. गावोगाव लोक मलाच डॉक्टर म्हणत आणि मीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. दिग्रसजवळच्या एका तलावावर पक्ष्यांच्या अभ्यासाचा कॅम्प लागला, तेव्हा रजा काढून व्हॉलंटियर म्हणून गेलो. मास्तर शाळेतून सुट्टी घेऊन आलेले. ते दुर्बिणीतून पक्षी मोजायचे आणि रोज डाळ करपवायचे. माझ्याकडे रिंगिंग. पक्ष्याच्या पायात नंबर कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घालायची, वजन करायचं, सोडून द्यायचं. तो पुढे कुठे सापडला तर नंबरावरून त्याचा प्रवास कळतो.

पक्षी धरायचं काम भिकाजीचं. पाखरं धरून बाजारात विकायची, हाच त्याच्या घरचा पिढीजात धंदा. उथळ पाण्यात घोड्याच्या केसांचे फासे लावून तो उत्तरेकडून आलेली तलवार बदकं अशी काढायचा की एक पीस मोडायचं नाही. नागपूरहून आलेले साहेब खूश होते. "कॅम्प नीट पार पडला तर याला कायम ट्रॅपर म्हणून घेतो," असं ते सगळ्यांसमोर बोलले होते. पाखरं विकण्यावर बंदी येत चालली होती आणि भिकाजीला दुसरं काही येत नव्हतं. त्या नोकरीवर त्याचं सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

त्या वेळी रिंगांचं पार्सल पोस्टात अडकलं. बदकं टोपल्यांत राहिली. भिकाजीनं बाजाराच्या सवयीनं त्यांचे दोन्ही पंख पाठीवर घेऊन एकमेकांत अडकवले होते. याला तो कैची म्हणायचा. कैची घातलेलं पाखरू फडफडत नाही, गुमान बसतं. मला ती सोय फारच आवडली.

दुसऱ्या दिवशी तो टोपलीपाशी उकिडवा बसला होता.

"डाक्टर, कैची काढू का? आमी त त्याच दिवशी इकून मोकळे होतो. पुढचं मले मालूम नाही."

"राहू दे. फडफडून पंख मोडून घेतील."

"तुमी म्हनता त राहू देतो."

पार्सल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. बैलाचा पाय तीन दिवस दोरीनं आवळून ठेवला तर काय होतं, हे मी शेतकऱ्यांना ओरडून सांगत असे. शिरा दबतात, मांस मरतं. पाखराच्या खांद्याचंही तेच. पण मी फक्त पाय पाहिले. कड्या नीट बसल्या होत्या.

सकाळी सोडलेल्या अकरांतली चार बदकं दुपारपर्यंत कुत्र्यांनी नेली. उरलेल्या सातांचे खांदे सुजून कडक झाले होते; ती पुन्हा उडणार नव्हती. साहेबांनी एक उचललं, पंख ताणून पाहिला.

"पंख कुणी बांधले होते?"

"भिकाजीनं," मी म्हणालो.

खरं होतं. अर्धं.

साहेब त्याच्याकडे वळले. "का रे?"

भिकाजीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "आदत हाय साहेब. आमच्यात असंच ठेवतेत."

"हा बाजार नाही! उद्यापासून येऊ नको."

मी तोंड उघडलं नाही. साहेबांनी माझ्या खात्याला कळवलं तर, अशी मला माझ्या नोकरीची भीती वाटली. त्या सात बदकांच्या माना मीच मोडल्या आणि कड्या काढून मास्तरांकडे दिल्या. मास्तरांनी रजिस्टरात त्या नंबरांपुढे 'रद्द' लिहिलं.

दोन दिवसांनी मी भिकाजीच्या झोपडीवर गेलो. तो फासे सोडवून घोड्याचे केस वेगळे करत होता.

"भिकाजी, मी साहेबांना खरं काय ते सांगतो."

"आता कायले सांगता, डाक्टर? तुमचीबी नौकरीच हाय."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी परत आलो आणि साहेबांना काहीच सांगितलं नाही. त्याच्या त्या वाक्याआड लपून मी पेन्शनपर्यंत नोकरी केली.

त्याच्या जागी घेतलेल्या माणसाला पंधरा दिवसांत एक टिटवी सापडली. कॅम्प गुंडाळला. हिवाळा संपायच्या आत भिकाजी बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.

पुढे नव्या स्टॉकमनना मी शिकवायचो, की दुखणं पायात असलं तरी सगळं जनावर तपासा, आणि जनावर धरून उभा असलेला माणूस काही विचारत असेल तर हातातलं काम ठेवून ऐका. पोरं वहीत लिहून घेत. एकानं एकदा विचारलं, "सर, हे कुठं शिकलात?"

मी म्हणालो, "पुस्तकात."