दुसऱ्या वचनाची वाट पाहणाऱ्या रिबेकाबाई

श्रीमती रिबेकाबाई साळवे यांची आणि माझी पहिली भेट परळच्या आमच्या चाळीत झाली. मी तेव्हा नवी नवरी होते. गॅसवर दूध ठेवून विरजण मागायला शेजारी गेले, तर त्यांच्याकडे सातची कौटुंबिक उपासना चालू होती. त्यांनी हातानेच 'बस' अशी खूण केली आणि मी थेट शेवटच्या 'आमेन'पर्यंत बसले. घरी दूध उतू गेले होते. मालवणच्या माझ्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, "त्यांच्याकडे मधेच कोण उठत नाय. उद्यापासून साताच्या आधी जा."

त्यांच्या उपासनेची रीत ठरलेली होती. स्तोत्रातले एक वचन बाई वाचत, पुढचे घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणायचे. कोणी पुटपुटले, की पुन्हा पहिल्यापासून. धाकटा जॉन कुरकुरायचा, "आई, शेवटची ओव्हर चाललीय गं." त्यावर बाईंचे उत्तर, "मग मोठ्याने म्हण, लवकर सुटशील." भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही ती वचने पाठ झाली. त्यांचा कडकपणा मात्र मला तेव्हा अजिबात आवडत नसे.

माझे मत बदलले ते सासऱ्यांच्या दुखण्यात. ते अंथरुणाला खिळले तेव्हा बाई रोज स्वतः पेज करून आणत आणि चमच्याने भरवत. एकदा सासूबाईंनी त्यांना प्रार्थना करायची विनंती केली. बाई म्हणाल्या, "आधी तुमच्या देवापुढे दिवा लावून या, मग दोघी बसू." इस्पितळात उपचारांसाठी येणारी गावाकडची माणसे त्यांच्या स्वयंपाकघरात महिनोन् महिने राहिली. तेव्हा त्या स्वतः गॅलरीत झोपत आणि आतल्यापेक्षा इथेच वारा बरा येतो, असे सांगत.

आज त्या नव्वदीत आहेत. त्यांचे यजमान साळवेसाहेब प्रभूकडे गेले. थोरला मुलगा ऑस्ट्रेलियात, जॉन पुण्याला, मुलगी वसईला. जॉनने मोबाईलवरून उपासना करून पाहिली, पण आवाज मागेपुढे येत. बाईंचे तिसरे वचन चालू असताना ऑस्ट्रेलियाचे दुसरे येऊन पोहोचे. शेवटी बाईच म्हणाल्या, "राहू दे बाळा, तुम्हाला कामं असतात." तेव्हापासून त्या एकट्याच बसतात. एक वचन वाचतात, मग दुसऱ्याला लागेल तेवढा वेळ गप्प राहतात आणि तिसरे वाचतात. भिंतीपलीकडून ती शांतता ऐकवत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या उंबऱ्याशी बसले होते. त्या थांबल्या आणि माझ्या तोंडून दुसरे वचन निघून गेले. त्यांनी मान वर न करता पुढचे वाचले. आम्ही तसेच शेवटपर्यंत गेलो. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बरं वाटलं गं. पण तू म्हटलंस आणि पोरं घरात नाहीत, हे जास्तच कळलं."

चाळ आता पाडायची आहे. बाई वसईला लेकीकडे जातील आणि आमच्या भिंतीपलीकडे सात वाजता कोणी नसेल, याचे दुःख मला लपवता येत नाही. बाईंना निरोगी शंभरी लाभो, आवाज असाच खणखणीत राहो, ही मनापासून इच्छा. बाईंच्या नव्वदीनिमित्त होणाऱ्या या सत्कारासाठी मुले येत आहेत, त्यांना शेजारीण या नात्याने एक विनंती. शाल-श्रीफळ सावकाश द्या. आदल्या संध्याकाळी सातला घरी बसा आणि आई थांबल्या, की दुसरे वचन तुम्ही म्हणा.