एकच रेघ

कळंब्यातला आमचा चिकनवाला रोज थोडं मांस वाटून त्याचं पाणी एका तपासणीच्या पट्टीवर टाकतो. दोन रेघा उमटल्या तर माल चांगला, एकच उमटली तर कोंबडीला चारलेलं अँटिबायोटिक औषध मांसात उरलेलं. दोन रेघा दिसेपर्यंत गिऱ्हाइकासाठी सुरी उचलत नाही.

कोंबड्या मेव्हण्याच्या पोल्ट्रीतल्या. "तुझा भाऊ औषध चारतोय," असं तो म्हणाला, की गल्ल्यावरची बायको भावाच्या बाजूनं भांडायला पदर खोचायची.

परवा रविवारी मी रांगेत असताना भर गर्दीत एकच रेघ आली. त्यानं पट्टी बायकोपुढं धरली. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"भाऊ माझाच हाय," ती म्हणाली, "पर आज दुकान बंद."

शटर ओढताना एवढा खूश दुकानदार मी बघितला नव्हता. हळूच म्हणाला, "पावणं, लगीन झाल्यापासनं पहिल्यांदाच घरातलं कोणतरी माझ्या बाजूनं बोललं."