वाळूच्या पेटीतला आग्नेय किनारा

पूर्वेला मिरजेपलीकडे मी कधी गेलेच नव्हते, आणि पाचवीच्या पोरांना देशाचा आग्नेय भाग शिकवायचा होता. नव्वदच्या दशकातली माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं. शाळा शिरोली एमआयडीसीला लागून, निम्म्या मुलांचे वडील फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामात. पूर्व घाट, कावेरीचा त्रिभुज प्रदेश असं काही सांगायला लागलं की वर्ग पेंगायचा. आपल्या पंचगंगेचं पाणी कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला मिळतं म्हटल्यावर तेवढा जागा झाला. मला स्वतःला त्या भागाचा इतिहास आवडायचा. तंजावरला मराठ्यांनी राज्य केलं, आणि त्याच्या कितीतरी आधी, चोळांच्या काळात, तिथले कारागीर धातूच्या सुरेख मूर्ती ओतत होते.

तपासणीला साहेब येणार होते आणि नेमका हाच पाठ मी त्यांच्यासमोर घ्यायचा होता. उठावाचा नकाशा कोण करून आणेल, असं वर्गात विचारलं. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील फौंड्रीत मोल्डर होते, वाळूचे साचे करायचे.

तपासणीच्या आदल्या सकाळी ते सायकलवरून लाकडी चौकट घेऊन आले, टेबलावर ठेवली आणि शिफ्ट गाठायला तसेच पळाले. मी वरचं पोतं काढलं. आत काळी, ओलसर, चोपून बसवलेली वाळू. समुद्र डावीकडे! घाटाच्या जागी खड्डे, आणि कावेरी बांधासारखी वर आलेली. माझी सवयच तशी, उचलली जीभ लावली टाळ्याला. "काय गं, तुझ्या वडिलांनी बंगालचा उपसागर मुंबईला नेला का?" असं मी भर वर्गात म्हणाले. वर्ग हसला तो हसतच राहिला. मधल्या सुट्टीत त्या मुलीने डबा उघडला नाही. ते मला दिसलं होतं, पण मला माझ्या पाठाची काळजी पडली होती.

संध्याकाळी मी निघणार तेवढ्यात ते परत आले, हातात प्लॅस्टरची पिशवी. नकाशा उलटा झालाय, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. ते चिडले नाहीत.

"बाई, ह्यो नकाशा न्हवं, साचा हाय," ते म्हणाले. "साच्यात डावं ते उजवं, आन् खड्डा त्यो डोंगर."

शाळेच्या बादलीत प्लॅस्टर कालवून त्यांनी ते वाळूवर ओतलं. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी येऊन चौकट सोडवली, प्लॅस्टरची पाटी उलटी केली आणि वाळू ब्रशने झाडली. मी बघतच राहिले. समुद्र उजवीकडे. पूर्व घाट खरोखरच आहे तसा तुटक तुटक. कावेरीला मुखाशी फुटलेले फाटे. पुस्तकातल्या तळहाताएवढ्या चित्रावरून या माणसाने अख्खा मुलूख डोक्यात उलटा फिरवला होता. पुढे मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण असं डोकं क्वचितच.

लेकीकडून त्यांनी तो धडा दोनदा वाचून घेतला होता. त्यातला मूर्ती ओतणाऱ्यांचा भाग त्यांना फार भावला होता. तिकडं बी आपल्यासारखीच माणसं हायेत की, असं ते हसून म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं चुकलं, मी म्हणाले.

त्यांनी हात पुसले. "मला नगं. तिला म्हणा. पोरांच्या देखत."

घंटा झाली, वर्ग भरला. साहेब तासाभरात येणार होते. त्या दिवसापर्यंत मी कुठल्याही मुलाची माफी मागितली नव्हती. बाईंनी माफी मागायची पद्धतच नव्हती. मी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काल माझं चुकलं. मला साचा कळला नाही आणि मी तुझ्या वडिलांना हसले."

तिने दारात उभ्या वडिलांकडे पाहिलं, नकाशा दोन्ही हातांनी पोरांकडे वळवला आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यो माझ्या बाबांनी केलाय."